घरचा नियम म्हणजे दिलेला शब्द

“पुस्तकात नाही, म्हणजे खेळात नाही.”

वर्ध्यात आमच्या घरी दर रविवारी खेळ बसतो. गेल्या हिवाळ्यात तिथे एक पाहुणे आले होते. मोठ्या शहरात बरीच वर्षं खेळलेले, जाणते गृहस्थ. चार तास त्यांनी खेळ पाहिला, आमची नियमांची शंभर पानी वही चाळली आणि निघताना वरचं वाक्य म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की, आम्ही मूळ खेळाची मोडतोड करतो आणि त्या मोडतोडीला ‘घरचे नियम’ असं गोंडस नाव देतो. त्यांचे आक्षेप नेमके होते, म्हणून मी ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवले. एक, जाणकारांनी तोलूनमापून केलेले नियम हौशी माणसाने बदलले की तोल बिघडतो. दोन, प्रत्येक घरी वेगळे नियम असतील तर खेळ एक उरत नाही. तीन, पुस्तक बाजूला सारलं की गेममास्टरची मनमानी सुरू होते. आणि चार, बकासूर, चकवा, बोरचं जंगल या गोष्टी या खेळात उपऱ्या आहेत. हे चारही आक्षेप मला चुकीचे वाटतात, आणि का ते सविस्तर सांगणं माझं काम आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या कुळातले खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळतात. एकजण गेममास्टर. तो जग सांगतो: भुयार, बंद दार, दारामागची खुडबूड. बाकीच्यांकडे एकेक पात्र: लढवय्या, मांत्रिक, पुजारी, चोर. खेळाडू म्हणतो, “मी दाराला कान लावतो.” निकालाची खात्री नसेल तिथे फासा पडतो. जुन्या वळणाचा खेळ म्हणजे १९७४ पासून पुढच्या दहाएक वर्षांतल्या नियमांवर चालणारा. त्यात पात्रं दुबळी असतात, मरण हाताच्या अंतरावर असतं, मशाल तासाभरात विझते आणि राक्षस मारण्यापेक्षा खजिना सुखरूप बाहेर आणण्याचे गुण जास्त मिळतात.

आता पहिला आक्षेप. ‘तोलूनमापून केलेले नियम’ असं म्हणणाऱ्याने हे नियम झाले कसे ते पाहावं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातल्या लढायांच्या खेळात स्वतःच्या मनाने एक बदल केला. खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी त्याने प्रत्येकाला एकेका माणसाची भूमिका दिली. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्याने ती युक्ती उचलली, ब्लॅकमूर नावाचा किल्ला रचला आणि किल्ल्याखाली भुयारं खणली. लढाईसाठी त्याने गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे १९७१ चे नियम वापरून पाहिले आणि ते पुरले नाहीत तिथे स्वतःचे घातले. पुढे गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावाने १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिका निघाल्या. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. एका घरच्या नियमावर दुसरा घरचा नियम चढत गेला आणि त्या थराचं पुस्तक झालं. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनी वाचकाला पुढची कल्पना स्वतःच करायला सांगितलं आहे. मूळ ग्रंथाचा आधार घेऊन घरचे नियम नाकारणाऱ्याने तो समारोप वाचायला हवा होता.

चोराचंच उदाहरण घ्या. कुलूप उघडणारा, सापळा ओळखणारा चोर नसेल तर जुना खेळ कसला, असं पाहुणेही म्हणतील. १९७४ च्या पुस्तिकांत चोर नव्हता. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी आपल्या सोयीसाठी तो घडवला, ती कल्पना गायगॅक्सपर्यंत पोचली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत छापली गेली. छापली जाण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तो चोर घरचाच नियम होता. फाशांचंही तसंच. १९७९ च्या सुमारास वीस बाजूंच्या फाशांचा तुटवडा झाला, तेव्हा प्रकाशकांनी पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेले तुकडे दिले. वर्ध्यात पहिल्या वर्षी आम्हाला तसले फासे मिळाले नाहीत. आम्ही बिस्किटांच्या डब्यात वीस चिठ्ठ्या घालून खेळलो. आम्ही मोडतोड केली असेल, तर ती आमच्या आधी प्रकाशकांनी केली होती.

तोल बिघडतो हे मात्र मी मान्य करतो, कारण तो माझ्या हातून बिघडला आहे. वीस पडलं की दुप्पट मार, असा नियम मी एकदा आणला. सगळ्यांना आवडला. तीन रविवारांत चार पात्रं मेली. हिशेब केल्यावर कारण दिसलं. एकेक राक्षस दोन-चार वार करून मरतो, पण पात्रांवर प्रत्येक लढाईत, प्रत्येक रविवारी वार होत राहतात. दुप्पट माराचा प्रसाद त्यामुळे राक्षसांना क्वचित आणि पात्रांना वारंवार मिळतो. सर्वांसमोर तो नियम खोडला आणि शेजारी खोडल्याची तारीख लिहिली. तोल म्हणजे काय हे मला त्या खोडलेल्या ओळीने शिकवलं. नियमाला हातच लावायचा नाही म्हणणारा गेममास्टर तो नियम का आहे हे कधी शिकणार?

दुसरा आक्षेप एकसारखेपणाचा. पाहुण्यांनी कबड्डी आणि खो-खोचं उदाहरण दिलं, आणि महाराष्ट्रात ते उदाहरण वजनदार आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं आणि त्या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. गावागणिक हुतुतूचे नियम वेगळे राहिले असते तर कबड्डी गावाच्या वेशीबाहेर पडली नसती. हे सगळं खरं आहे. पण कबड्डी हा सामना आहे. तिथे दोन संघ समोरासमोर असतात, एक जिंकतो, दुसरा हरतो. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला तर रेषा, वेळ आणि दम यांचे नियम दोघांचे सारखे हवेत, नाहीतर निकालाला अर्थ नाही. आमच्या टेबलावर समोर कोणता संघ आहे? हिंगणघाटच्या टेबलाला हरवायला आम्ही बसत नाही. आर्वीतल्या कुणाच्या लढवय्याने जास्त सोनं मिळवलं म्हणून आमचा लढवय्या लहान होत नाही.

गायगॅक्स स्वतः पुढे एकसारखेपणाकडे वळला, हा पाहुण्यांचा हुकमी एक्का होता. तोही खरा आहे. १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाची जाड पुस्तकं आली आणि त्यांच्याबाहेर जाऊ नये असं तो आग्रहाने लिहू लागला. पण तोवर मेळाव्यांत या खेळाच्या स्पर्धा भरत होत्या. एकाच भुयारात वेगवेगळ्या टेबलांवरचे गट उतरायचे आणि त्यांना गुण मिळायचे. गुणांची तुलना करायची तर नियम एकच हवेत. म्हणजे हा खेळ जेव्हा सामना झाला, तेव्हा त्याला सामन्याचे नियम लागले. आमचा रविवार सामना नाही.

आपल्याकडे दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत. विटीदांडूची मोजणी दर दहा कोसांवर बदलते. चिंचोके घासून, अर्धे करून पटावर खेळताना कोणत्या दानाला पुन्हा खेळायचं हे ज्या घरी खेळ, त्या घरची आजी ठरवते. पाहुणा म्हणून बसलेलं पोरगं आधी विचारतं, “तुमच्याकडे कसं खेळतात?” त्या प्रश्नात दुसऱ्याच्या घराचा मान आहे. पाहुण्यांनी तो प्रश्न आम्हाला विचारला नाही, याचं मला वाईट वाटलं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. गेममास्टरच्या हाती नियम दिले की तो आपल्या लाडक्यांना वाचवील आणि नको त्यांना मारील. ही भीती खोटी नाही. असा गेममास्टर मी पाहिलेला आहे. वाद मात्र आजचा नाही. प्रशियाच्या सैन्यात राईसविट्झने १८२४ मध्ये नकाशावर खेळायचा युद्धखेळ दिला, त्याला तक्ते आणि फासे होते. पुढे तक्त्यांचं ओझं इतकं झालं की खेळ रखडू लागला. तेव्हा १८७६ मध्ये व्हर्दी दु व्हर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं की, तक्ते बाजूला ठेवावेत आणि पंचाने आपल्या अनुभवावरून निकाल द्यावा. नियम की निवाडा, हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे. २००८ मध्ये मॅट फिंचने जुन्या खेळाची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका लिहिली, तिनेही निवाड्याचीच बाजू घेतली.

पण व्हर्दीचा पंच लढाई पाहिलेला अधिकारी होता. त्याचा शब्द मानला जायचा तो त्याच्या हुद्द्यामुळे. माझ्याकडे हुद्दा नाही. माझ्या टेबलावरच्या पोरांनी माझा निवाडा का मानावा? याचं उत्तर आमच्या वहीत आहे आणि ते एका प्रसंगातून सांगतो.

वर्धा-नागपूर रस्त्यावरचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. भीमाने बकासूर मारला तो इथेच. मी त्या कथेवरून एक डाव रचला. भीम नाही, पांडव नाहीत. गाव आहे, टेकडी आहे आणि रोजचा करार आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. पहिल्या लेव्हलची पाच पात्रं बकासुराशी लढली असती तर पाचही मेली असती. जुन्या खेळाची खुबी हीच की तो लढाईपेक्षा डोकं मागतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “दादा, भातात मोहाची मिसळली तं? पिऊन पडन ना तो!”

राक्षसाला दारू पाजण्याचा नियम आमच्याजवळच्या पुस्तकात नाही. ‘पुस्तकात नाही, म्हणजे खेळात नाही’ या न्यायाने मी त्याला तिथेच नाही म्हणायला हवं होतं, आणि त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला विचार तिथेच मेला असता. मी विचारलं, “किती?” तो म्हणाला, “चार मडके.” फासा टाकण्याआधी मी मोठ्याने सांगितलं, “एका मडक्याला सहात एक. चार मडकी, म्हणजे एक ते चार पडलं तर तो झोपला. पाच-सहा पडलं तर त्याला वास लागला.” दुसरी म्हणाली, “वास माराले गूळ टाकतो आम्ही.” मला पटलं. मग पाचला तो जागा राहील पण त्याला कळणार नाही, आणि सहालाच वास लागेल, असं ठरलं. सगळे हो म्हणाले. फासा पडला. सहा.

इथे जुन्या पुस्तकाने साथ दिली. भेटलेला प्राणी कसा वागेल यासाठी दोन फाशांचा एक तक्ता जुन्या नियमांत आहे. राक्षस दिसला की लढलाच पाहिजे असं त्यात मुळीच नाही. नऊ पडलं, म्हणजे तो लगेच हल्ला करत नाही, बोलणं ऐकून घेतो. पोरांनी बकासुराशी करार बदलला: महिनाभर माणूस नाही, दुप्पट भात. त्या महिनाभरात काय करायचं, यावर पुढचे चार रविवार रंगले. त्या रात्री वहीत एक ओळ वाढली: ‘मादक पदार्थ. एका मडक्याला सहात एक. गूळ घातला तर वास एकाच आकड्याला.’

दोन महिन्यांनी हीच पात्रं पेंढाऱ्यांच्या तळावर पाहुणी म्हणून गेली. यजमानाने पेले भरले. गुळाचा गोडवा होता. वही काढा असं मला म्हणावंही लागलं नाही. मोहाची कल्पना काढणाऱ्या पोरानेच पान उघडलं, ओळ वाचून दाखवली आणि स्वतःच्या पात्रासाठी फासा टाकला. दोन पडलं. सकाळी तलवारी नाहीत, घोडे नाहीत, दोन महिन्यांचं सोनं नाही. एकानेही तक्रार केली नाही. नियम त्यांचा होता, तो त्यांनी बकासुरावर लावला होता आणि आता तो त्यांच्यावर लागला.

मनमानी म्हणजे न सांगितलेला, न लिहिलेला आणि एकालाच लागणारा निवाडा. तो जाड पुस्तक समोर ठेवूनही करता येतो. कोणतं पान कधी उघडायचं आणि कधी विसरायचं, हे तर गेममास्टरच्याच हातात असतं. घरचा नियम म्हणजे टेबलाने एकमेकांना दिलेला शब्द. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर म्हणून चार कलमं आहेत. नियम फासा पडण्याआधी सांगायचा, पडल्यावर नाही. त्याच दिवशी लिहायचा. पात्रांना जो नियम, तोच राक्षसांना. आणि खोडायचा तर सर्वांसमोर, कारण सांगून. या चार कलमांपलीकडे मला हुद्द्याची गरज पडलेली नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला. बकासूर, चकवा, बोर ही उपरी आहेत म्हणे. उपरं म्हणजे काय? १९८१ च्या नियमांत जंगलातून जाताना वाट चुकण्याची शक्यता सहात दोन आहे. आमच्या भागात वाट चुकलेला माणूस म्हणतो, “मले चकवा लागला.” तोच फासा आम्ही चकव्याचा केला. आकडा तोच ठेवला. फक्त पात्राने थांबून, बसून, पाणी पिऊन दिशा पुन्हा पाहिली तर एकदा फासा परत टाकता येतो, कारण आमचे म्हातारे हेच सांगतात. पुस्तकात मशालींचा हिशेब आहे, कारण तिथे भुयार आहे. बोरच्या रानात मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, मशाल काय कामाची? तिथे पाणी संपतं. आम्ही मशालीचा नियम जसाच्या तसा पाण्याला लावला: तासाला एक माप, संपलं की प्रत्येक तासाला अंगातलं बळ कमी. पोरांनी घामेजल्या तळव्यांनी पाण्याचे आकडे मोजले. आपण किती खोल आलो आणि परत जाता येईल का, हा जुन्या खेळाचा मूळ प्रश्न आम्ही सोडला नाही. तो प्रश्न आमच्या उन्हात आणून ठेवला.

भाषेचंही तेच. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण मातृभाषेतून व्हावं असा ठराव तिने केला. त्या गावात बसून मी पोरांना ‘मोराल चेक फेल’ का म्हणायला लावू? आमच्या वहीत त्याला ‘धीर’ म्हणतात. दोन फाशांची बेरीज राक्षसाच्या धीराच्या आकड्यापेक्षा जास्त आली की मी म्हणतो, “त्यांचा धीर सुटला,” आणि अकरावीतल्या पोरीलाही समजावून सांगावं लागत नाही. वाहून न्यायच्या वजनाला ‘गाठोडं’ म्हणतात. पौंडांची बेरीज कुणी करत नाही, गाठोड्यात दहा वस्तू मावतात.

सोन्याचा नियमही आम्ही बदलला, आणि तो बदल आर्नेसनच्याच जुन्या टेबलावरून घेतला. मूळ नियमात सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळतो. लढवय्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० गुण लागतात. ब्लॅकमूरमध्ये मात्र सोनं खर्च केल्यावरच गुण मिळायचे. आमच्याकडे ते गावात खर्च करावं लागतं: विहीर, लग्न, जत्रा, कुणाचं कर्ज. परिणाम असा की, भुयारात काय आहे इतकंच विचारणारी पोरं आता गावात कोण आहे हेही विचारतात.

श्रद्धेच्या जागा मात्र आम्ही जपतो. गिरडच्या टेकडीवरच्या गोल दगडांची कथा आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, तेच हे दगड, असं सांगतात. त्यावरून आम्ही एक नियम केला: खोटं बोलून मिळवलेला खजिना वेशीवर दगड होतो. पण त्या टेकडीवरचा दर्गा आणि तिथले पीर यांना आम्ही डावात आणलं नाही, आणणार नाही. कथेतून घ्यायचं ते घ्यावं आणि हात जोडायचे तिथे हात जोडावेत, हे भान पुस्तकातून येत नाही. गावात राहून येतं.

मी पुस्तकांचा वैरी नाही. जुने नियम नव्याने मांडणारी अनेक पुस्तकं २००६ पासून निघाली आहेत, काही तर फुकट मिळतात. ती वाचावीत, एकदा जशीच्या तशी खेळावीत. भेटीचा तक्ता, धीराचा फासा, विझणारी मशाल ही पन्नास वर्षांची कमाई आहे आणि न वापरता ती बदलणं हा उतावळेपणा ठरेल. पण पुस्तक जिथे थांबतं, तिथे खेळ थांबवू नका.

ज्यांना आपल्या गावी असा खेळ सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. देवळीत असा, आष्टीत असा की समुद्रपुरात, पंचवीस रुपयांची एक वही घ्या. पहिल्या पानावर चार कलमं लिहा: आधी सांगू, लगेच लिहू, दोघांना सारखं लावू, सर्वांसमोर खोडू. बाकीची पानं कोरी ठेवा. ती तुमच्या टेबलावरची पोरं भरतील. आणि आमच्या पाहुण्यांना माझं मनापासून आमंत्रण आहे. रविवारी चार वाजता आमचा खेळ बसतो. या वेळी पाहू नका, खेळायला बसा. पेंढाऱ्यांनी नेलेल्या तलवारी अजून परत मिळवायच्या आहेत.